सरोत्याचं वजन

आमच्याकडे अडकित्त्याला सरोता म्हणतात. एक लोखंडी सरोता तीनशे वीस ग्रॅम भरतो. निदान मी काट्यावर ठेवला होता तो तरी तेवढा भरला. आता निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी घरी कोणी सुपारी कातरायला बसलं की मी उठून अंगणात जातो. बायको पाहुण्यांना सांगते, "यायले सुपारीचा वास सहन नाई होत." मीही तसंच समजू देतो, कारण खरं सांगायला बसलो तर चहा गार होईल आणि पाहुणे परत येणार नाहीत. इथे मात्र सांगतो.

आरोग्य खात्याच्या एका तालुका कचेरीत मी आकडेवारी सांभाळायचो. गावोगावच्या आशाताई आणि नर्सबाई जे जे मोजायच्या, म्हणजे जन्म, बाळांची वजनं, ताप, लशी, ते सगळं माझ्या टेबलावर येऊन पडायचं. मी त्याचे तक्ते करून वर पाठवायचो. मूळचा मी तिरोड्याकडचा. गावी गेलो की लोक मला डॉक्टरच्या खालोखाल समजून गुडघे दाखवायचे. मी रोग बरे करत नाही, नुसता मोजतो, असं म्हटलं की एक म्हातारा दर वेळी विचारायचा, "मंग तुले पगार कायले देऊन राहिले बापा?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला फार उशिरा सापडलं.

आकडेशास्त्राला लोक उगाच भितात. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी तर आपण न शिकताच वापरतो. तिरोड्यात माझ्या ओळखीचा एक चपलेचा दुकानदार होता. गावातल्या सगळ्या पायांची सरासरी काढून देतो म्हटलं असतं तर त्याने मला हाकललं असतं, कारण सरासरी मापाची चप्पल एकाच्याही पायात बसेल याचा भरवसा नाही. त्याला एवढंच हवं असतं की कोणतं माप सगळ्यात जास्त खपतं. त्याला पुस्तकात बहुलक म्हणतात. शाळेत पोरांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं की बरोबर मधोमध येतो तो मध्यक. शेवटी एखादा ताडमाड पोरगा येऊन उभा राहिला तरी मधल्याला फारसा फरक पडत नाही. आणि सगळ्यांचं एकत्र करून सारखं वाटलं की सरासरी. ही सरासरी फार भोळी. एक दांडगा आला की त्याच्याकडे झुकते, एक मरतुकडा आला की खाली बसते. म्हणून आम्ही आकडेवाले दांडग्या आणि मरतुकड्या आकड्यांकडे संशयाने बघतो. ओळीबाहेरचे आकडे म्हणायचो आम्ही त्यांना, आणि ते ओळीबाहेर काढायची मला मोठी हौस होती.

तसा संशय घ्यायला जागाही होती. एकदा एका गावातल्या वृद्धांची वयं आली. साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. एकसष्टचा एक नाही, अडुसष्टचा एक नाही. मी गावात जाऊन एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "लिव ना साठ. पायजेन तं सत्तर लिव. मले काई घाई नाई." बाळांच्या वजनाचंही तेच. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं आणि जास्तीचं काम, म्हणून एका नर्सबाईंच्या हद्दीत महिनाभर प्रत्येक बाळ नेमकं अडीच किलोचं जन्मलं. मी त्यांना फोन केला. "बाई, तुमच्याकडे बाळं साच्यातून काढता का?" पुढच्या महिन्यापासून बाळं माणसांसारखी जन्मू लागली. असे चोर पकडले की मला दिवसभर मिशीत हसू येई. कचेरीत माझा दरारा होता. चुकीचा आकडा मला वासावरून कळतो असं साहेब म्हणायचे, आणि मलाही ते पटलं होतं.

चिचगडच्या पुढे जंगलात एक टोला आहे. टोला म्हणजे मोठ्या गावापासून सुटलेली छोटी वस्ती. नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही. तिथल्या आशाताई सत्यशीला. आठवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर टपोरं, नोंद कधी अर्धवट नाही. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि पुढच्याही ठरलेल्या दिवशी त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या. त्यासाठी एक टांगता काटा असतो. वर आकड्यांची पट्टी, खाली कापडाची झोळी. पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात, म्हणजे आकडा वाचता आला नाही तरी रंग कळतो.

या टोल्याचा वर्षाचा तक्ता मी एका डिसेंबरात करायला घेतला आणि चकित झालो. कोणतंही बाळ जन्मल्यावर पहिल्या दिवसांत थोडं उतरतं आणि मग चढायला लागतं. हे निसर्गाचं आहे, सगळ्या जगात तसंच. या टोल्यात मात्र वर्षभरात जन्मलेलं एकही बाळ उतरलं नव्हतं. दवाखान्यातल्या काट्यावर जे वजन, त्याहून तिसऱ्या दिवशी घरी दोनशे-तीनशे ग्रॅम जास्तच. आकड्यांत अडीचची गर्दी नव्हती, गोल आकडे नव्हते. लहान बाळ लहान, मोठं बाळ मोठं, त्यांच्यातलं अंतरही नेहमीसारखं. त्या अंतराला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याला, विचलन म्हणतात. खोटे आकडे लिहिणारा माणूस विचलन नीट सांभाळू शकत नाही, तिथेच तो सापडतो. इथे विचलन अगदी निरोगी होतं. म्हणजे आकडे खरे, असा मी शिक्का मारला.

आता एक साधं गणित सांगतो. ते मी नव्या पोरांना फळ्यावर शिकवत आलो होतो. वर्गातल्या प्रत्येकाच्या मार्कांत दहा दहा मिळवले तर सरासरी दहाने वाढते, पण विचलन जागचं हलत नाही. सगळे जण तेवढेच सरकले, एकमेकांतलं अंतर तेच राहिलं. हे गणित मला तोंडपाठ होतं. समोर तक्ता होता. तरी डोक्यात आलं नाही.

उलट मी मासिक बैठकीत तो तक्ता पडद्यावर दाखवला. टाळ्या झाल्या. जिल्ह्याहून आलेले एक साहेब म्हणाले, "अरे वाह, ये तो मॉडल गाँव है! इसकी यशोगाथा भेजो." त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट मी केली. टोल्यात नुकतंच एक बाळ झालं होतं, दोन किलो शंभर ग्रॅमचं, म्हणजे कमी वजनाचं. पण तिसऱ्या दिवशीची नोंद दोन किलो तीनशे आली होती. बाळ वाढतंय, असं म्हणून नर्सबाईंनी जाऊन बघायच्या बाळांच्या यादीतून मी त्याचं नाव काढलं. यादी माझ्याच तक्त्यातून निघायची. एक ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो?

यशोगाथा लिहायला मी स्वतः टोल्यात गेलो. थंडी कडक होती, सकाळचे दहा वाजले असतील. सत्यशीलाताईंनी मला त्याच बाळाच्या घरी नेलं, त्या दिवशी त्याचा चौदावा दिवस होता. आई हिरकन, वीस-बावीस वर्षांची, कोपऱ्यात बसलेली, बोलत नव्हती. सासू सगुणाबाई मात्र तरतरीत. बाळ दुपट्यात गच्च गुंडाळून त्यांनीच तयार ठेवलं होतं. थंडीत बाळ उघडं करू नका, असं प्रशिक्षणात आम्हीच शिकवलेलं, म्हणून ताई दुपट्यासकट वजन करत आणि कापडाचे शंभर ग्रॅम वजा करत. मी मोबाइल काढून फोटोसाठी उभा राहिलो. झोळीत बाळ ठेवलं, काटा उचलला. दोन किलो शंभर. कापड वजा जाता दोन किलो.

"कमी झालं का?" मी विचारलं.

"सातव्या दिवशी दोन दोनशे होतं सर," ताई हळू म्हणाल्या.

मी म्हटलं, फोटो नीट येत नाही, झोळी जरा माझ्याकडे वळवा. त्यांनी वळवली. दुपट्याची खालची घडी सुटली आणि काहीतरी खण्णकन सारवलेल्या जमिनीवर पडलं. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काटा वर उडाला, पिवळ्यातून लाल पट्ट्यात. बाळ झोळीतच होतं. खाली सरोता पडला होता.

मी आयुष्यात हजारो आकडे बघितले. आकडा असा बदलताना कधी बघितला नव्हता.  आधी वाटलं काटा बिघडला. मी बाळ उतरवायला लावलं आणि वेड्यासारखा तो सरोता उचलून काट्याला टांगला. तीनशे वीस. मग बाळ पुन्हा झोळीत ठेवायला लावलं. कापड धरून एक किलो सातशे ऐंशी, कापडाशिवाय एक किलो सहाशे ऐंशी. दोन आठवड्यांत वाढायचं सोडून बाळ चारशे ग्रॅमहून जास्त आटलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. रडतही नव्हतं.

"हे काय आहे?" मी ओरडलोच. आजही त्या ओरडण्याची लाज वाटते.

सगुणाबाई दचकल्या नाहीत. "लोखंड हाये जी. लेकराजवळ ठेवाव लागते. काट्याले नजर असते."

"काट्याला?"

"नाई तं काय? दोन सालापयलं याच घरात हिरकनची पयली पोर होती. याच काट्यावर टांगली, लोखंड ना काई. हे सत्यशीला मोठ्यानं आकडा बोलली. पाच दिवसानं पोर गेली." त्यांनी माझ्या हातातून सरोता काढून घेतला. "हा पारबताबाईचा सरोता व्हय. तिचे सात लेकरं झाले, सातही जगले. म्हून आता टोल्यात कोनाचंही लेकरू काट्यावर चढलं की हाच सरोता आनतो आमी. तवापासून एक लेकरू गेलं नाई, विचारा."

म्हणजे एकच सरोता घरोघर फिरत होता. प्रत्येक बाळात तेच तीनशे वीस ग्रॅम. सरासरी सरकली होती आणि विचलन जागचं हललं नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. धानाच्या मुलखात ते खोटं कोण म्हणेल? पण त्यात एक अट असते, भांडं तळापासून ढवळलेलं पाहिजे. मी वरवरचं शीत दाबून बघितलं होतं आणि भात झाला म्हणून पंगत बसवली होती. काट्याची चूक दोन प्रकारची असते. एक इकडेतिकडे डुलणारी, ती खूप वेळा मोजलं की आपोआप फिटते. दुसरी एकाच बाजूला ओढणारी. ती हजार वेळा मोजलं तरी फिटत नाही, उलट दर वेळी तुमची जास्त खात्री पटवते.

मी सत्यशीलाताईंकडे बघितलं. त्या खाली बसून झोळीची घडी घालत होत्या. "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत नव्हतं असं नाई म्हनत सर. हाताले लागत होतं." त्यांनी झोळीची घडी पुन्हा उलगडली. "मले पाहाचंच नव्हतं. पयल्या पोरीच्या वेळेस मी आकडा बोलली, तं सहा महिने या घरानं मले पानी नाई देल्लं."

बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं. जीप दारात होती. सगुणाबाई बाळाला पाठवायला तयार नव्हत्या. "दवाखान्यात नेलेलं लेकरू परत नाई येत." आणि तेवढ्यात कोपऱ्यातली हिरकन उठली.  बाळ उचललं, पदराखाली घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसली. सासू दारात बघत राहिली, मग धावत येऊन तिने सरोता हिरकनच्या मांडीवर ठेवला. सत्यशीलाताई वाटी-चमचा घेऊन तिच्या शेजारी बसल्या.

चिचगडजवळ मोबाइलला रेंज आली. आमच्या डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या, बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ठेवा, वरून शाल, आणि चमच्याने दूध. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत मी ड्रायव्हरशेजारी समोर बघत बसलो. मागून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. तो थांबला की मी कान देऊन तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघायचो. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी विचारायचा, "बाबूजी, बच्चा हिल रहा है ना?" मी मागे वळून बघायचो. हिरकन मान हलवायची. गोंदियात नवजात बाळांच्या कक्षात आतून एक सिस्टर आली आणि तिने बाळ घेतलं. "वजन कितना है?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न ऐकून माझ्या तोंडातून आकडा निघेना. हिरकनच बोलली, "सोळाशे ऐंशी."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो आणि कपाट उघडलं. वर्षभरात टोल्यात घरी घेतलेल्या प्रत्येक वजनातून तीनशे वीस वजा केले. मॉडेल गाव साधं गाव झालं. बाळं उतरत होती आणि चढत होती, जगातल्या बाळांसारखीच. ती वाचली होती ती आपल्या नशिबाने आणि आयांच्या दुधाने, त्यात ना सरोत्याचा हात होता ना माझा. मग मी दोन वर्षांपूर्वीचा तक्ता काढला. का काढला, हे मला माहीत होतं आणि काढू नये असंही वाटत होतं.

त्या टोल्याची ती ओळ सापडली. हिरकनची मुलगी, चौदावा दिवस. त्या पानावरची बाकी सगळी वजनं सव्वादोन ते तीनच्या मधली. हिचं एक किलो चारशे. त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि बाजूला माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: नोंद सदोष, सरासरीत धरू नये. तेव्हा मला वाटलं होतं, ताईंनी दोनच्या जागी एक लिहिला असणार. फोन करून विचारायचं, तर रेंज नसते. म्हणून रेघ मारली. सरासरी छान आली. रेघ मारली की ओळ तक्त्यातून जाते आणि तक्त्यातून गेली की नर्सबाईंच्या यादीत येत नाही. नर्सबाई गेल्या नाहीत. मृत्यूची नोंद पुढच्या महिन्यात दुसऱ्या नमुन्यावर आली, दुसऱ्या फायलीत लागली. दोन्ही फायली माझ्याच कपाटात होत्या, एकावर एक.

टोल्यातल्या बायांनी काट्याला दोष दिला होता. ती अंधश्रद्धा, असं मी जीपमध्ये मनाशी म्हणत आलो होतो. काटा त्या दिवशी खरं बोलला होता. नजर माझी लागली होती.

बाळ महिनाभराने घरी आलं. मी डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की यापुढे ओळीबाहेरचा आकडा आला की आधी माणूस जाईल, मग रेघ. तो नियम आम्ही पाळला. तपासायला गेल्यावर दहातले आठ-नऊ आकडे खरंच चुकीचे निघायचे, पेट्रोल वाया गेलं म्हणून शिव्या बसायच्या. बसू देत होतो. यशोगाथा अर्थातच पाठवली नाही.

बाळ घरी आलं तेव्हा मी पुन्हा टोल्यात गेलो. सत्यशीलाताईंनी तोड काढली होती: बाळ झोळीत, सरोता आजीच्या मुठीत. सगुणाबाई तो असा आवळून उभ्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. काट्यावर अडीच किलो आले. मला नेमका अडीचचा आकडा बघून संशय आला आणि मी पुन्हा वजन करायला लावलं. पुन्हा अडीच. ताई आकडा मोठ्याने बोलल्या. मग मला हसायला आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

निघताना हिरकन दारापर्यंत आली. ती माझ्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलत होती.

"सर, तुमच्या वहीत सगळ्यायचे वजन असते ना? माह्या पयल्या पोरीचं असन का?"

"आहे," मी म्हटलं. "एक किलो चारशे."

"ताईनं बी तेच सांगतलं होतं. मंग कोनी काऊन नाई आलं जी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. रेंज, जंगल, रस्ता, कमी माणसं, सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती. बाळ तिच्या खांद्याशी हातपाय हलवत होतं. मी खरं ते सांगितलं.

"मला तो आकडा खोटा वाटला."

 मग तिने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"खोटा नव्हता जी," ती म्हणाली. "मी रोज उचलत होती ना तिले."